गटाने करायच्या बांधणीचा तास घेताय? या चुका टाळा

टेबलं जोडायची, प्रत्येक गटापुढे कागद, कात्री आणि चिकटपट्टी ठेवायची, "सगळ्यात उंच मनोरा कोण बांधतं बघू" म्हणायचं आणि घंटा झाली की मोजपट्टी लावून विजेता जाहीर करायचा. असे तास मी भरपूर पाहिले आहेत. मुलं खूश असतात, फोटोही छान येतात. पण दुसऱ्याचं ऐकून आपला बेत बदलणं, अडलं तर गटाला तसं सांगणं, कोसळलेल्या बांधणीकडे बघून पुढचं ठरवणं, यातलं काहीही त्या तासात शिकवलेलं नसतं. मुलांना एकत्र बसवलेलं असतं, एवढंच.

शिक्षकाचा हात मध्ये जातो

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती मायेपोटी होते. एका वर्गात मी मागच्या बाकावर बसून कागदी पुलाचा तास पाहत होते. दोन बाकांमध्ये वीतभर फट, त्यावर एकाच कागदाचा पूल आणि पुलावर जास्तीत जास्त खोडरबर. माझ्यासमोरच्या गटाचा सपाट कागद दुसऱ्याच खोडरबराला खाली गेला. मग एका मुलीने काही न बोलता कागदाच्या दोन्ही लांब कडा बोटभर उभ्या दुमडल्या. अगदी योग्य दिशा होती ती. कागद तोच, पण कडा उभ्या झाल्या की त्याला उंची मिळते आणि तो सहज वाकत नाही. बाकीचे तिघं आता कुठे तिच्या हाताकडे बघू लागले होते. तेवढ्यात शिक्षक आले. "अरे, असं नाही, घड्या घाला," म्हणत त्यांनी नवा कागद घेतला, पंख्यासारख्या घड्या घातल्या आणि पूल ठेवून दिला. पूल टिकला. गटाने टाळ्या वाजवल्या. त्या मुलीने आपला कागद बाकाखाली सारला.

दुसऱ्या फेरीत फट कागदाच्या लांबीपेक्षा मोठी केली. आता दोन कागद जोडावेच लागणार होते. तो गट हात बांधून शिक्षकांची वाट बघत बसला. चौघांपैकी एकानेही कागदाला हात लावला नाही.

माझी सवय सांगते. गटांमधून फिरताना माझ्या एका हातात वही असते आणि दुसऱ्यात पेन, म्हणजे कागद उचलायला हात मोकळाच राहत नाही. विचारायचे प्रश्न तीनच. आत्ता काय करून बघताय? नेमकं कुठे वाकतंय? अजून कोणाला वेगळं वाटतंय का? उत्तर आलं की पुढच्या गटाकडे. वहीत मुलांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत उतरवते, "थांब, आधी वजन ठेवून बघू" किंवा "तू नुसतं कापत बसू नकोस" अशी. ती पुढे चर्चेला लागतात.

गट मोठा असतो

सहा-सात जणांच्या गटात दोघं बांधतात, बाकीचे बघतात. मुलं आळशी असतात म्हणून असं होत नाही. मॅक्स रिंगलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांवर प्रयोग केले होते आणि त्याचे निष्कर्ष 1913 साली प्रसिद्ध झाले. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला होता. म्हणून गटात मुलं तीन किंवा चार, त्यापुढे नको. कात्री एकच ठेवा, आणि अर्ध्या वेळात ती दुसऱ्याच्या हातात गेलीच पाहिजे.

भूमिकांच्या तयार चिठ्ठ्या मला फारशा पटत नाहीत. 'नेता' लिहिलेली चिठ्ठी मिळाली की ते मूल हुकूम सोडू लागतं. त्यापेक्षा माहिती वाटून द्या. एकाला फक्त मापं माहीत, दुसऱ्याला सामानाचे नियम, तिसऱ्याला पूल कसा तपासला जाईल ते. मग एकमेकांना विचारल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी 1971 मध्ये शालेय वर्गांसाठी जी 'जिगसॉ' पद्धत आणली, तिचं मूळ हेच आहे.

तपासणी शेवटच्या मिनिटाला

मार्शमेलोचं (मऊ, फुगीर गोळीचं) आव्हान बऱ्याच जणांनी घेतलं असेल, सगळ्यात उंच मनोरा बांधायचं. स्पॅगेटीच्या (शेवयांसारख्या) 20 कोरड्या काड्या, सुमारे 90 सेंटिमीटर चिकटपट्टी, तेवढाच दोरा, 18 मिनिटं, आणि मार्शमेलो मनोऱ्याच्या टोकावर. कल्पना पीटर स्किलमन यांची. टॉम वूजेक यांच्या 2010 च्या भाषणामुळे ती सगळीकडे पोहोचली. नुकतेच व्यवस्थापन शिकून बाहेर पडलेले लोक बालवाडीच्या मुलांपेक्षा मागे पडतात, असं वूजेक सांगतात. मोठी माणसं आराखड्यात वेळ घालवतात आणि मार्शमेलो अखेरच्या क्षणी ठेवतात. मुलं तो सुरुवातीपासून टोकावर ठेवून बघतात, म्हणून काय मोडतंय ते त्यांना लवकर कळतं. तेव्हा नियमच करा: पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी उभं करायचं आणि त्यावर वजन ठेवायचं, कितीही वेडंवाकडं असलं तरी.

बक्षीस लावू नका. वूजेक यांनी 10,000 डॉलरचं बक्षीस लावून पाहिलं, तर दहापैकी एकाही गटाचा मनोरा उभा राहिला नाही.

बाकीचं थोडक्यात. सामान भरपूर देऊ नका; टंचाई असली की मुलं बोलतात. नियम मध्येच बदलू नका. तयार नमुन्याचा व्हिडिओ आधी दाखवू नका, नाहीतर सगळे गट तोच बांधतात. वाद झाला की लगेच गट फोडू नका. दोन्ही कल्पना छोट्या आकारात करून बघायला सांगा. आणि आव्हान वर्गात नेण्याआधी स्वतः बांधून बघा.

चर्चा आणि दुसरी फेरी गाळली जाते

नवे शिक्षक मला विचारतात, एका तासात बसेल असा सोपा उपक्रम सांगा. बांधणी एका तासात बसते हो, पण उरलेल्या दोन मिनिटांत "काय शिकलात?" विचारलं की मुलं "एकीचं बळ" म्हणतात आणि सगळे मोकळे होतात. त्या उत्तराने मला खरंच वाईट वाटतं. शिक्षकाला ऐकायला आवडेल तेच मुलांनी दिलेलं असतं.

मी वहीतली वाक्यं फळ्यावर लिहिते, नावांशिवाय. कोणत्या वाक्यानंतर काम बदललं, हे मुलांनी शोधायचं. मग प्रत्येक गटाने पुढच्या वेळी करायचा एकच बदल लिहायचा, बांधणीतला नव्हे तर आपल्या कामाच्या पद्धतीतला. "कोणी बोलत असताना कात्री खाली ठेवायची" असं एका गटाने लिहिलं होतं. लगेच तेच आव्हान पुन्हा द्यायचं.

जोडतास मिळत नसेल तर मनोरा सोडा, पूल घ्या. दहा मिनिटं बांधणी, दहा मिनिटं चर्चा, पुन्हा दहा मिनिटं बांधणी. उरलेला वेळ सामान वाटायला आणि आवरायला पुरतो. पुलाची लांबी हवी तर अर्धी करा, दुसरी फेरी मात्र कापू नका.