स्वस्त घर, महाग हिवाळा: मेनच्या खेड्यात घर शोधताना या चुका टाळा

आम्ही न्यू जर्सीहून अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात आलो तेव्हा जुलै महिना होता. नवरा फिजिओथेरपिस्ट, त्याला एका लहान गावातल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली होती. भाड्याने बघितलेलं पहिलंच घर मनात भरलं. शंभर वर्षांपूर्वीचं, पांढरं, लाकडी, दोन मजली. मागे सफरचंदाची झाडं. न्यू जर्सीत त्या भाड्यात एका बेडरूमचा फ्लॅटही मिळाला नसता. करारात एक ओळ होती, ‘हीटिंगचा खर्च भाडेकरूकडे’. आम्ही ती वाचली आणि सही केली.

त्या घराच्या तळघरात घर तापवायच्या ऑइलची २७५ गॅलनची टाकी होती. अशा टाकीच्या माथ्यावर काचेची बोटभर नळी असते आणि आत लाल तरंगता तुकडा, तेल उतरेल तसा खाली येणारा. नोव्हेंबरात टाकी काठोकाठ भरली होती. नाताळच्या सुमारास मी जिना उतरून पाहिलं तर लाल तुकडा तळाशी टेकायला आला होता. एप्रिलपर्यंत ११०० गॅलन तेल जळलं, तरी वरच्या खोलीत मुलगी स्वेटर घालूनच झोपत होती.

गेल्या काही वर्षांत या बाजूला येणाऱ्या मराठी कुटुंबांचे फोन मला येतात. कुणी हॉस्पिटलात, कुणी विद्यापीठात, कुणी घरून काम करणारं. सगळ्यांचा पहिला प्रश्न भाड्याचा किंवा हप्त्याचा असतो. मी त्यांना आधी तेलाचं विचारायला सांगते.

हप्ता बघितला, हिवाळा बघितलाच नाही

मेनमधली निम्म्याच्या आसपास घरं अजूनही ऑइलवर तापतात. नैसर्गिक वायूची पाइपलाइन खेड्यांत जवळपास नाहीच. उत्तरेकडे कॅरिबूसारख्या ठिकाणी जानेवारीतल्या रात्री सरासरी शून्य फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे उणे १८ सेल्सिअसपर्यंत उतरतात. तिथे हीटिंगचा खर्च भाड्याइतकाच घराच्या किमतीचा भाग असतो.

आमचाच हिशेब घ्या. गॅलनचा भाव साडेतीन डॉलर धरला तर ११०० गॅलनचे ३८५० डॉलर होतात. पुढे आम्ही जे छोटं घर विकत घेतलं, त्याला हिवाळ्यात ४३० गॅलन पुरतात, म्हणजे सुमारे १५०० डॉलर. वर्षाचा फरक २३०० डॉलरच्या वर, महिन्याला जवळजवळ दोनशे. ‘स्वस्त’ घराच्या भाड्यात हे दोनशे मिळवून बघा, मग कुठलं घर स्वस्त ते ठरवा.

हे आकडे मागायला संकोच करू नका. मेनमध्ये घर विकणाऱ्याला हीटिंग यंत्रणेचा प्रकार, तिचं वय आणि वर्षाला किती इंधन लागतं ते लेखी द्यावं लागतं. भाडेकरू स्वतः बिल भरणार असेल तर घरमालकाने ऊर्जेबद्दलचं माहितीपत्रक द्यायचं असतं, आणि मागच्या बारा महिन्यांचा वापर पुरवठादाराकडून मिळवण्याचा हक्क भाडेकरूला आहे. मालक म्हणाला, ‘फार लागत नाही’, तर शांतपणे विचारा, किती गॅलन? आणि घरात किती माणसं राहत होती? एकटी आजी दोनच खोल्या तापवून राहत असेल, तर तिचे ५०० गॅलन तुमच्या चौघांसाठी ५०० राहणार नाहीत.

गॅलनच्या भावाला भुलणं

‘प्रोपेन ऑइलपेक्षा स्वस्त आहे’ असं सर्रास ऐकू येतं. गॅलनमागे असेलही, पण गॅलनभर ऑइलमध्ये सुमारे १,३८,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) इतकी उष्णता असते आणि गॅलनभर प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५००. म्हणजे दोन-तृतीयांशच. दहा लाख बीटीयू घरात पोचवायला साडेतीन डॉलरचं ऑइल ८५ टक्के कार्यक्षम बॉयलरमध्ये जाळलं तर साधारण ३० डॉलर पडतात. तीन डॉलरचं प्रोपेन ९० टक्के कार्यक्षम यंत्रात जाळलं तरी ३६ पडतात.

विजेचं आणखी वेगळं. भिंतीच्या तळाशी लावलेले साधे इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटर स्वच्छ आणि सोपे दिसतात, पण युनिटला २५ सेंट धरले तर तीच उष्णता ७३ डॉलरला पडते. तीच वीज हीट पंपाला, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घरात आणणाऱ्या यंत्राला दिली, आणि तो एका युनिटमागे अडीच युनिट उष्णता देत असेल, तर २९ डॉलर. जाहिरातीत ‘ऑल इलेक्ट्रिक’ लिहिलेलं असलं की बेसबोर्ड की हीट पंप, हे आधी विचारा. त्या एका उत्तराने बिल अडीचपट बदलतं. भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून माझे आकडे पाठ करू नका, त्या दिवसाचे भाव घालून स्वतः मांडून बघा.

छपरावरचे बर्फाचे सुळके

घरांच्या जाहिरातीत एक फोटो हमखास असतो. छपराच्या कडेला काचेच्या झुंबरासारखे लोंबणारे बर्फाचे सुळके. बघायला सुंदर, पण मला तो फोटो दिसला की काळजी वाटते. घरातली उष्णता छपरातून निसटते, वरचा बर्फ वितळतो, पाणी घरंगळत गार कडेशी येतं आणि पुन्हा गोठतं. तिथे बर्फाचा बांध तयार होतो, मागे पाणी तुंबतं आणि छपरावरच्या शिंगल्सच्या (पातळ कौलांसारख्या पट्ट्यांच्या) खालून आत शिरतं. बर्फ पडून दोन दिवस झाले की गल्लीतून एक चक्कर मारा. ज्या छपरावर बर्फ सारखा, जाड टिकून आहे ते घर उष्णता धरून आहे. शेजारचं छप्पर काळं दिसत असेल तर तिथे मालक आकाश तापवतोय.

मग आत जाऊन ॲटिकचं, म्हणजे छपराखालच्या माळ्याचं दार उघडा. टेप घेऊन जा. या हवामानात ॲटिकला आर-४९ ते आर-६० इतकं इन्सुलेशन हवं (‘आर’चा आकडा जितका मोठा, तितकी उष्णता जास्त अडते). राखाडी, कागदाच्या कपच्यांसारखं सेल्युलोज असेल तर इंचाला साधारण ३.५ धरा, म्हणजे १४ ते १७ इंच जाडी. आमच्या पहिल्या घरात मी नंतर मोजलं तेव्हा ते सहा इंचही नव्हतं. चंदेरी-सोनेरी चमकणारे बारीक दाणे दिसले तर हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. चिनी मातीच्या गुंड्यांवरून गेलेल्या जुन्या उघड्या तारा दिसल्या तर आधी इलेक्ट्रिशियन, मग इन्सुलेशन. हे दोन्ही खर्च किमतीत घासाघीस करताना मांडायचे असतात, सह्या झाल्यावर नाही.

आधी खिडक्या बदलणं

घर गार पडलं की सगळ्यांची नजर खिडकीकडे जाते आणि हजारो डॉलर तिथे जातात. खरी गळती बहुधा वर आणि खाली असते. गरम हवा वर चढून ॲटिकच्या फटींतून बाहेर जाते आणि तिची जागा घ्यायला तळघरातून गार हवा आत ओढली जाते. पाया आणि लाकडी भिंत जिथे भेटतात ती कड, ॲटिकचं दार, चिमणीभोवतीची पोकळी, नळ-वायरींची भोकं. हे आधी बुजवायचं, मग इन्सुलेशन, खिडक्या सगळ्यांत शेवटी. तोपर्यंत स्टॉर्म विंडो (खिडकीवर बसवायची जादा खिडकी) किंवा हेअर ड्रायरने ताणून बसवायचं प्लॅस्टिक पुष्कळ काम करतं.

गळती शोधायची पक्की रीत म्हणजे ब्लोअर डोअर चाचणी. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतात आणि ५० पास्कल दाबफरकावर किती हवा आत शिरते ते मोजतात. घर घेणार असाल तर या चाचणीचे पैसे द्याच. पण नुसतं घर बघायला गेलात तेव्हा? आपल्याकडे उदबत्ती आहे. वाऱ्याच्या दिवशी, मालकाला विचारून, पेटवलेली उदबत्ती बाहेरच्या भिंतीवरच्या स्विचपाशी, ॲटिकच्या दारापाशी, तळघराच्या कडेने हळूहळू न्या, इन्सुलेशनपासून हातभर लांब. धूर सरळ वर गेला तर ठीक. झटकन आडवा झाला तर तिथे फट आहे. दुसऱ्या घराची तळघरातली कड मी अशीच सगळी तपासली होती. बेसमेंटच्या एका खिडकीपाशीच धूर वाकला.

हीट पंपाबद्दलची दोन टोकं

एक टोक म्हणतं, हीट पंप थंडीत चालत नाही. मेनने २०१९ मध्ये एक लाख नवे हीट पंप बसवायचं लक्ष्य ठेवलं आणि २०२३ मध्ये, ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी, ते गाठलं. थंड प्रदेशासाठी बनवलेली यंत्रं उणे २६ सेल्सिअसलाही उष्णता देतात, जरा कमी ताकदीने. दुसरं टोक म्हणतं, एक पंप बसवला की सगळं घर गरम. बैठकीतल्या भिंतीवरचं एक युनिट बंद दारांमागच्या बेडरूम तापवू शकत नाही. घर दाखवताना ‘हीट पंप आहे’ म्हणाले तर किती खोल्यांत आणि कुठलं मॉडेल, ते बघा. आणि तो बसवल्यावर रात्री तापमान खूप खाली, सकाळी एकदम वर असं करू नका. एकाच तापमानावर संथ चालू ठेवला की तो कमी वीज घेतो.

मात्र खेड्यात वादळात झाडं तारांवर पडतात आणि वीज कधी कधी दोन-दोन दिवस जाते. तेव्हा हीट पंपच नाही, ऑइलचा बॉयलर आणि लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळणारे बहुतेक पेलेट स्टोव्हही बंद पडतात, कारण पंखे आणि पंप विजेवरच असतात. लाकडाचा स्टोव्ह तेवढा चालतो. म्हणून धडधाकट चिमणी असलेल्या घराला मी जास्त गुण देते. लाकूड ‘कॉर्ड’वर विकतात, चार बाय चार बाय आठ फूट, १२८ घनफूट. ते मागच्या वर्षीचं वाळलेलं, २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचं हवं. ऑक्टोबरात घाईने घेतलेलं ओलं लाकूड धूर करतं आणि चिमणीत काजळी धरतं. विमा कंपनीला स्टोव्हची माहिती आधीच द्या.

कॅम्प आणि जुनं मोबाइल होम

तळ्याकाठच्या उन्हाळी घरांना इथे ‘कॅम्प’ म्हणतात. सप्टेंबरात ती भाड्याने स्वस्तात निघतात आणि नवीन माणूस फसतो. पाण्याचे पाइप उघड्यावर, घराच्या तळाला इन्सुलेशन नाही आणि रस्त्यावरचा बर्फ हिवाळ्यात कुणी काढत नाही. दोनच प्रश्न विचारा. मागच्या जानेवारीत इथे कोण राहत होतं? रस्त्यावर बर्फ काढणारी गाडी येते का?

मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणलेल्या घरात, तारीख महत्त्वाची. १५ जून १९७६ पासून अशा घरांना केंद्रीय बांधकाम नियम लागू झाले. त्याआधीच्या घराला कर्ज मिळणं फार अवघड आणि ते तापवणं त्याहून. नंतरच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर लाल रंगाची धातूची पट्टी असते, ती शोधा. टाकी उघड्यावर असेल तर कडाक्याच्या थंडीत साधं ऑइल घट्ट होतं, म्हणून केरोसीन किंवा मिश्रण घ्यावं लागतं आणि ते महाग पडतं. हेही हिशेबात धरा.

घट्ट घरातली आपली स्वयंपाकाची सवय

हे इथले घर-सल्लागार सांगत नाहीत, कारण त्यांच्या घरी रोज कुकरच्या चार शिट्ट्या होत नाहीत. डाळ-भाताची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे, पाठोपाठच्या अंघोळी. फटी बुजवलेल्या घरात हा ओलावा कुठे जाणार? खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळतं, कपाटामागे काळी बुरशी धरते. पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक घ्या आणि हिवाळ्यात ३० ते ४० टक्के राखा. फोडणीच्या वेळी लावायचा पंखा खरोखर बाहेर हवा टाकतो की नुसती गाळून परत खोलीत सोडतो, ते बघा. बाथरूमच्या पंख्याची नळी कधी कधी ॲटिकमध्येच सोडलेली असते, तीही बघा. आणि घट्ट घरात मोठा एक्झॉस्ट लावला तर बॉयलरच्या चिमणीतला धूर उलटा आत येऊ शकतो, म्हणून प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. वादळानंतर भिंतीतून बाहेर निघालेल्या धुराच्या नळ्यांवरचा बर्फ काढा.

मदत आहे हे उशिरा कळणं

ग्रामीण भागासाठी यूएसडीएची, म्हणजे केंद्राच्या कृषी खात्याची घरकर्ज योजना आहे. हमीच्या कर्जात डाउन पेमेंट लागत नाही, कुटुंबाचं उत्पन्न त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांपर्यंत चालतं. पण ती नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांसारख्या पात्र रहिवाशांना आहे. एच-वन-बीवर असाल तर तिच्या भरवशावर घर ठरवू नका. ऊर्जासुधारणांवरची ३० टक्के केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. जुने लेख आणि काही विक्रेते ती अजून मोजतात, तुम्ही मोजू नका. राज्याची एफिशियन्सी मेन ही संस्था हीट पंप आणि इन्सुलेशनवर सूट देते. तिथे आजची रक्कम बघूनच कंत्राटदाराशी बोला.

उत्पन्न कमी असेल तर इंधनखर्चासाठी ‘हीप’ आणि घर मोफत घट्ट करून देणारा वेदरायझेशन कार्यक्रम आहे. दोन्हींचे अर्ज जिल्ह्याच्या कम्युनिटी ॲक्शन संस्थेकडे जातात. त्यांचा पत्ता माहीत नसला तर २११ फिरवा. फोन उन्हाळ्यातच करा. वेदरायझेशनला रांग असते आणि डिसेंबरात नाव नोंदवलं तर तो हिवाळा तसाच काढावा लागतो.