संशोधन संस्थेचा जनसंपर्क विभाग कसा चालवावा

जैववैद्यकीय संशोधन करणाऱ्या ना-नफा संस्थेत जनसंपर्क आणि प्रसिद्धीची जबाबदारी घेणाऱ्याने पहिला महिनाभर काहीही प्रसिद्ध करू नये, असे माझे मत आहे. तो महिना प्रयोगशाळेत जाऊन बसण्याचा असतो. कोणते काम अजून पेशींवर चालले आहे, कोणते उंदरांवर आणि कोणते प्रत्यक्ष रुग्णांवर, कोणता शोधनिबंध परीक्षणासाठी गेला आहे आणि कोणत्या शोधाच्या पेटंटचा अर्ज व्हायचा आहे, याची एक वही स्वतःच्या हाताने भरावी. नवी मुंबईतील आमच्या छोट्या संस्थेत ती वही उघडल्याशिवाय आजही एकही प्रसिद्धिपत्रक बाहेर जात नाही. पेटंटचा रकाना विशेष जपावा लागतो, कारण अर्ज दाखल होण्याआधी शोध जाहीर झाला, तर काही मोजके अपवाद सोडता भारतीय कायद्यानुसार त्याचे नावीन्य संपते. समाजमाध्यमावर प्रयोगशाळेचा फोटो टाकण्यापूर्वी मागच्या फळ्यावर काय लिहिले आहे, तेही वाचून घ्यावे.

मथळ्याचा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझ्या पहिल्या वर्षातील एका प्रसिद्धिपत्रकात ‘उंदरांमध्ये’ हा शब्द दुसऱ्या परिच्छेदात होता, मथळ्यात नव्हता. वृत्तपत्रांनी मथळा उचलला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपासून स्वागतकक्षातला फोन थांबेना. कळव्याहून एका बाईंनी विचारले, “मॅडम, आमच्या मिस्टरांची किमो शुक्रवारी आहे. ती थांबवू का? तुमचं औषध कधी मिळेल?” किमो थांबवू नका आणि डॉक्टरांशी बोला, एवढे मी त्यांना तीन वेळा सांगितले, तरी त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा छापील मथळ्यावरच अधिक होता. तेव्हापासून ज्या प्राण्यावर काम झाले त्याचे नाव मथळ्यातच येते. ‘कर्करोगावर प्रभावी औषध सापडले’ असे न लिहिता ‘उंदरांमधील गाठींची वाढ मंदावणारा रेणू; माणसांवरील चाचण्या अद्याप नाहीत’ असे लिहावे. हा मथळा पत्रकारांना मिळमिळीत वाटतो आणि ते तसे सांगतातही. ते ऐकून घ्यावे, मथळा मात्र बदलू नये.

कायद्याचाही येथे संबंध येतो. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा कर्करोग, मधुमेह यांसारख्या अनेक रोगांवरील उपचारांच्या जाहिरातींवर निर्बंध घालतो. त्यामुळे देणगीसाठी छापलेल्या माहितीपत्रकातही ‘बरा होतो’ हे शब्द मी येऊ देत नाही. क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे उपचाराच्या माणसांवरील चाचणीत, सहभागी होण्याचे आवाहन करणारा फलक तर आपल्या विभागाच्या अखत्यारीतला नसतोच. त्यातील मजकूर, आणि मराठी मजकूर वेगळा असेल तर तोसुद्धा, आधी एथिक्स कमिटीकडे, म्हणजे सहभागी रुग्णांचे हित जपणाऱ्या समितीकडे, मंजुरीसाठी जातो. मंजुरीनंतर एक शब्द सुधारावासा वाटला तरी पुन्हा समितीकडेच जावे. रुग्णाची गोष्ट किंवा छायाचित्र वापरायचे असेल, तर ट्रायलसाठी घेतलेली संमती पुरत नाही. त्यासाठी वेगळी लेखी संमती घ्यावी, ती रुग्णाच्या भाषेत असावी, आणि आपण ती कधीही मागे घेऊ शकतो हे त्याला वाचून दाखवावे.

मराठी मजकूर इंग्रजीवरून उतरवून काढू नये. ‘यादृच्छिकीकृत’ हा शब्द परिभाषाकोशात शोभतो, पण ऐरोलीच्या सभागृहात तो उच्चारला की मागच्या रांगेतील माणसे मोबाइल काढतात. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टर स्वतः ठरवत नाहीत, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, असे सांगितले की प्रश्न येऊ लागतात.

देणगीदारांच्या बाबतीत नव्या माणसाची गल्लत बहुधा अशी होते, की तो ‘संशोधनासाठी’ पैसे मागतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांकडे जाताना कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ नीट वाचून जावे. या कलमाच्या कक्षेतील कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि ती करताना आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. महापे किंवा रबाळ्यातील कंपनीपुढे हाच मुद्दा आधी मांडावा. मार्चमध्ये, उरलेली रक्कम संपवण्याच्या घाईत, मिळणारा निधी मोहात पाडतो, पण त्याचा हिशेब पुढे वर्षभर डोके खातो. नव्या वर्षाचे अंदाजपत्रक ठरण्याच्या आधी भेट घेतलेली बरी.

पैसे नेहमी डोळ्यांना दिसेल अशा वस्तूसाठी मागावेत. आमच्याकडे एका कंपनीच्या अधिकाऱ्यांना रेणूंवरील चाळीस स्लाइड दाखवून झाल्या, तरी चेहरे कोरेच होते. मग त्यांना रुग्णांचे नमुने ठेवण्याचा उणे ८० अंशांचा फ्रीझर उघडून दाखवला. झाकणावरचा बर्फ हातमोज्याने खरवडत तंत्रज्ञाने सांगितले, की यातील प्रत्येक नळीमागे एक रुग्ण आहे, आणि पावसाळ्यात वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत तो स्वतः या दारापाशी उभा असतो. त्या बैठकीत दुसऱ्या फ्रीझरचा आणि नव्या जनरेटरचा विषय पाहुण्यांनीच काढला. अशा देणगीचा अहवाल लिहिणेही सोपे जाते, कारण यंत्र कधी आले, त्यात किती नमुने आहेत आणि ते किती तास बंद पडले, हे सगळे मोजता येते. शोध कधी लागेल हे मात्र अहवालात लिहू नये, देणगीदाराने आग्रह धरला तरीही.

स्वागतकक्षातील फोनशेजारी आम्ही एक पानभर मजकूर लावला आहे. आपल्याकडे उपचार होत नाहीत हे पहिल्याच वाक्यात सांगावे, चालू उपचार थांबवू नयेत हे दुसऱ्या वाक्यात, आणि त्यानंतर ट्रायलची नोंद सार्वजनिक नोंदवहीत कोठे पाहता येईल ते सांगावे. नवे प्रसिद्धिपत्रक निघायचे असते त्याच्या आदल्या दिवशी ते पान फोनवर बसणाऱ्या ताईंसोबत बसून पुन्हा वाचले जाते, आणि ‘हे मला समजलं नाही’ असे त्या ज्या ओळीला म्हणतात, ती ओळ प्रसिद्धिपत्रकातूनही बदलली जाते.