श्मिट-रोटलुफचा १९१८ चा ख्रिस्त: हा वुडकट बघायचा कसा

कार्ल श्मिट-रोटलुफ या जर्मन चित्रकाराने १९१८ मध्ये ख्रिस्ताच्या चेहऱ्याचा एक वुडकट, म्हणजे लाकडी फळीवर कोरून कागदावर छापलेलं चित्र, केला. बरेच लोक तो बघतात आणि दोन सेकंदात पुढे जातात, कारण पहिल्या नजरेत नुसता ओबडधोबड मुखवटा दिसतो. माझ्या मते पहिलं महायुद्ध संपताना जे काही धार्मिक चित्र जर्मनीत झालं त्यातलं हे सगळ्यात थेट काम आहे, आणि ते कळायला आर्ट हिस्टरी शिकलेलं असायची काही गरज नाही, फक्त आधी काय बघायचं आणि नंतर काय एवढं ठरवून घ्यायचं.

आधी मोबाइल बाजूला ठेवा आणि मोठ्या स्क्रीनवर बघा. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमच्या वेबसाइटवर चित्रकाराच्या नावाने शोधलं की त्याचे प्रिंट्स मिळतात. मूळ चित्र साधारण ५० बाय ३९ सेंटीमीटरचं आहे, तर पेपरचं एक पान त्या मापाचं दुमडून समोर धरा म्हणजे अंदाज येईल की हा चेहरा खऱ्या माणसाच्या चेहऱ्यापेक्षा मोठा आहे आणि जवळजवळ सगळा कागद त्यानेच भरलाय, मागे डोंगर नाही, क्रूस नाही, शिष्य नाहीत.

आता चेहरा बघू नका, पांढरं बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं. वुडकटमध्ये फळीवर जे कोरून काढलं जातं ते कागदावर पांढरं राहतं, आणि जे तसंच उरतं त्याला शाई लागते, रबर स्टॅम्पसारखंच. म्हणजे चित्रकाराचा हात जिथे जिथे फिरला ती जागा पांढरी. मग दाढीतले पट्टे, डोक्याभोवतीचे जाड किरण, गालावरच्या तिरक्या रेघा एकेक करून बघत जा, कुठे हत्यार सरळ गेलंय, कुठे कोपऱ्यात अचानक थांबलंय ते कळायला लागतं. जुना जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या १४९८ च्या 'अपोकॅलिप्स' (बायबलमधला जगाचा अंत) या वुडकट मालिकेतलं एखादं चित्र शेजारी उघडून ठेवलंत तर अजून छान, तिथे काळी रेघ केसासारखी बारीक ठेवायला तिच्या दोन्ही बाजूचं लाकूड अतिशय जपून काढलेलं असतं आणि लाकूड आहे हे जवळजवळ विसरायला होतं. श्मिट-रोटलुफला ते विसरू द्यायचंच नाहीये.

मग कपाळ. तिथे १९१८ हा आकडा कोरलाय, ख्रिस्ताच्या कपाळावर, डाग दिल्यासारखा. चित्रकार सहसा साल कोपऱ्यात टाकतात, इथे ते चित्राच्या मधोमध आहे. आणि खाली जर्मनमध्ये एक ओळ आहे, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत, तिचा अर्थ: तुम्हाला ख्रिस्त दिसला नाही का? श्मिट-रोटलुफ स्वतः १९१५ पासून पूर्व आघाडीवर सैन्यात होता, तेव्हा हा प्रश्न काही पुस्तकातून आलेला नाही. आकडा आणि ओळ एकत्र वाचा, नुसती ओळ वाचली तर ते प्रवचन वाटतं.

डोळे शेवटी बघा. एक सताड उघडा आहे आणि दुसरा जवळपास मिटलेला. नाक लांब आणि वाकडं. त्या काळात श्मिट-रोटलुफ आणि त्याच्या 'ब्र्यूके' या गटातल्या चित्रकारांवर आफ्रिकन लाकडी शिल्पांचा मोठा प्रभाव होता, तो इथे सरळ दिसतो. सुंदर चेहरा काढता येत नव्हता म्हणून हे असं झालं असं कृपया समजू नका. चर्चमधल्या कॅलेंडरवर असतो तसा गोरा शांत ख्रिस्त त्या वर्षी काढणं त्याला खोटं वाटलं असावं असं मला वाटतं.

त्यानंतर मराठी बायबल काढून त्यातल्या लूक या पुस्तकाचा २४ वा अध्याय वाचा, अम्माऊसच्या वाटेवरचा प्रसंग. दोन शिष्य चाललेत, येशू त्यांच्या बरोबर चालतोय, बोलतोय, आणि त्यांना तो ओळखू येत नाही, भाकर मोडल्यावर ओळख पटते. श्मिट-रोटलुफने त्याच वर्षी हा प्रसंगही वुडकटमध्ये केलाय. ते चित्र आणि हा चेहरा एकापाठोपाठ बघितले की खालच्या ओळीतला प्रश्न नेमका कुणाला आहे हे आपोआप उलगडतं.

पुढे काय झालं तेही माहीत असू द्या. नाझींनी १९३७ मध्ये म्युझियममधून त्याची ६०० च्या वर कामं उचलली, आणि १९४१ मध्ये त्याला चित्रं काढायलाच बंदी केली. तो टिकला, १९६७ मध्ये बर्लिनला त्या गटाच्या कामांचं ब्र्यूके म्युझियम उघडलं ते त्याच्याच पुढाकारातून, १९७६ मध्ये गेला.

हाताने करून बघायचं असेल तर जरूर करा, बघण्यात फार फरक पडतो. मऊ लाकडाचा किंवा प्लायचा छोटा तुकडा, एक बारीक गोल पटाशी, रोलर, प्रिंटिंगची काळी शाई आणि पातळ हँडमेड कागद एवढं पुरतं. हत्यार कायम अंगापासून लांब ढकलायचं आणि दुसरा हात कधीच त्याच्या समोर ठेवायचा नाही. आधी लाकडाच्या रेषांच्या दिशेने कोरा, मग त्यांना आडवं कोरा, आडवं कोरताना लाकूड फाटतं, कपचा उडतो, आणि तेव्हा समजतं की त्या चेहऱ्यातल्या इतक्या रेघा तुटक आणि टोकदार का आहेत. मग एक शब्द कोरा, आपलं नाव चालेल. तो आरशात दिसतो तसा उलटा कोरायचा असतो, ट्रेसिंग पेपर उलटा करून चिकटवला की सोपं जातं. शाई अगदी पातळ लावा, कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने सावकाश घासा, एका कोपऱ्यातून उचलून बघा, फिकं वाटलं तर परत ठेवून घासा.

हे झालं की केथे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीचा कार्ल लिबक्नेख्टवरचा वुडकट उघडा. लिबक्नेख्ट हा क्रांतिकारक नेता, १५ जानेवारी १९१९ ला बर्लिनमध्ये त्याचा खून झाला. चित्रात कामगार त्याच्या मृतदेहावर वाकलेत, आणि मांडणी सगळी ख्रिस्ताला क्रूसावरून उतरवल्यानंतरच्या शोकाची आहे, देवाचं नाव कुठेही न घेता. इथेही खाली ओळ कोरलीय, जिवंतांकडून मृताला, आणि इथेही तारीख आहे. मॅक्स पेखश्टाइन या जर्मन चित्रकाराची १९२१ ची, येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेवरची १२ चित्रं आणि जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाखची १९२२ मध्ये छापलेली देवावरची सात चित्रं त्यानंतर घ्या. पेखश्टाइनने तर प्रार्थनेच्या ओळीच चित्रात कोरल्यात, तिथेही आधी पांढरं बघा आणि मग वाचा, सगळ्यात आधी रोजची भाकर मागणाऱ्या ओळीचं पान काढा.