एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग करताय? आधी बाजार बंदच्या तारखा गोळा करा

एमएस्सी स्टॅटच्या प्रोजेक्टला टाइम सिरीज घेतलेल्या मुलामुलींचे मेसेज सध्या बरेच येतायत, आणि नाशिकचं कुणी असलं की डेटा बहुतेक कांद्याचाच असतो, लासलगावची आवक नाहीतर भाव. साहजिक आहे, सरकारच्या बाजारभावाच्या साइटवर म्हणजे अॅगमार्कनेटवर रोजची आवक, किमान-कमाल-मोडल (सगळ्यात जास्त व्यवहार झालेला) भाव सगळं फुकट मिळतं आणि घरात कुणीतरी कांदा पिकवणारं असतंच. मीही याच वाटेने आले, प्रोजेक्ट कांद्यावर केला आणि आता अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्पेअर पार्ट्सचं डिमांड प्लॅनिंग करते, त्यामुळे एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगच्या अल्फा, बीटा, गॅमाशी (लेव्हल, ट्रेंड, सीझन किती पटकन बदलू द्यायचे ते ठरवणारे आकडे) रोजचाच संबंध. तरी अजून नवीन डेटा हातात आला की पोटात थोडा गोळा येतोच, तुम्हाला येत असेल तर घाबरू नका.

बेसिक तुम्हाला माहीत आहे असं धरते. एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग म्हणजे जुन्या आकड्यांना कमी कमी वजन देत पुढचा अंदाज काढणं. अल्फा 0.3 असेल तर आजच्या आकड्याला 0.3, कालच्याला 0.21, परवाच्याला 0.147 असं वजन घटत जातं, या सरासरीला लेव्हल म्हणतात, तिच्यात ट्रेंड (चढ-उताराचा कल) घातला की होल्ट आणि सीझन घातला की होल्ट-विंटर्स. ब्राऊन यांची ही पद्धत सुरुवातीच्या काळातच अमेरिकन नौदलाच्या स्पेअर पार्ट्सच्या स्टॉकसाठी वापरली गेली, होल्ट यांचा रिपोर्ट 1957 चा, विंटर्स यांचा पेपर 1960 चा. होल्ट यांचा तो मूळ रिपोर्ट जर्नलमध्ये छापून आला थेट 2004 साली, तोवर सगळं जग तो वापरून मोकळं झालं होतं! व्हायव्हात हे विचारतात म्हणून सांगितलं, पुढे जाऊ.

आता खरी गोष्ट. मी ज्यात अडकले आणि माझ्यानंतरचे बरेच जण अडकलेले बघितलेत ती जागा मॉडेलमध्ये नाहीच, ती कॅलेंडरमध्ये आहे. रविवारी लिलाव नसतो. दिवाळीत काही दिवस बाजार बंद, मार्च एंडला बंद, आणि जुन्या वर्षांच्या डेटात अमावस्येलाही लिलाव बंद ठेवायची प्रथा दिसते. शिवाय संप. सप्टेंबर 2023 मध्ये निर्यात शुल्कावरून नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते ते तुम्हालाही आठवत असेल. या सगळ्या दिवशी तुमच्या फाइलमध्ये काय आहे? कोरी जागा, शून्य, की ती ओळच नाही? पहिले दोन-तीन दिवस फक्त याचं उत्तर शोधण्यात गेले तरी चालतील, खरंच सांगते, कारण तिन्ही प्रकारात सॉफ्टवेअर वेगवेगळं वागतं आणि तिन्हीत तुमचं नुकसान आहे.

शून्य भरलंत तर काय होतं ते आकड्यात बघा. समजा आवकेची लेव्हल 20,000 क्विंटल आहे आणि अल्फा 0.3. बाजार एक दिवस बंद, तुम्ही 0 भरलं, लेव्हल झाली 14,000. दुसऱ्या दिवशीही बंद, लेव्हल 9,800. तिसऱ्या दिवशी बाजार उघडला, थांबलेला माल आला, 24,000 क्विंटल आवक, आणि मॉडेल म्हणतं उद्या 14,060 येईल. शेतकऱ्याने कांदा आणायचा थांबवलाच नव्हता, गेट बंद होतं एवढंच, पण मॉडेलला वाटलं की आवकच आटली. वर आणखी एक, डेटात शून्य असलं की मल्टिप्लिकेटिव्ह (सीझन किंवा चूक गुणून घेणारी) मॉडेल्स बाद होतात आणि मेप (सरासरी टक्केवारीतली चूक) काढायला गेलात की भागाकारच होत नाही.

मग मुलं म्हणतात ओळी काढून टाकतो. सहा दिवसांचा आठवडा, फ्रीक्वेन्सी (सीझन किती ओळींनी परत येतो तो आकडा) 6, प्रॉब्लेम संपला. नाही संपत! एका गुरुवारी सुट्टी आली आणि ती ओळ गेली की पुढचा शुक्रवार गुरुवारच्या खुर्चीत येऊन बसतो, शनिवार शुक्रवारच्या, आणि हे कायमचं, परत कधीच जागेवर येत नाही, पुढच्या सुट्टीला अजून एक घर सरकतं. वर्षाच्या शेवटी तुमचा सोमवारचा सीझनल इंडेक्स म्हणजे सगळ्या वारांची खिचडी असते, आणि मग मुलं निष्कर्ष लिहितात की लासलगावच्या आवकेत वारानुसार फरक आढळला नाही. अहो फरक तुम्हीच पुसलात.

तिसरा रस्ता, कोरी जागा एनए (आकडा उपलब्ध नाही) म्हणून ठेवायची. हा सगळ्यात सज्जन वाटतो आणि हाच सगळ्यात वाईट फसवतो. आर या सॉफ्टवेअरमध्ये फोरकास्ट पॅकेजचं ईटीएस (हीच स्मूदिंगची मॉडेल्स बसवणारं) फंक्शन एनए दिसलं की डीफॉल्टने काय करतं माहितीये? सिरीजमधला सलग भरलेला सगळ्यात मोठा तुकडा उचलतं आणि बाकी सगळं सोडून देतं. एक वॉर्निंग येते, पण तुम्ही लूप लावला असेल, वॉर्निंग्ज बंद केल्या असतील, तर ती दिसतच नाही. आता विचार करा, रोजचा डेटा आहे, दर रविवारी एनए आहे, तर सलग तुकडा जास्तीत जास्त किती दिवसांचा? सहा. पाच-सहा वर्षांचा डेटा जमवला आणि मॉडेल बसलं सहा आकड्यांवर, आऊटपुट मात्र एकदम व्यवस्थित, अल्फा आहे, ग्राफ आहे. ओळखायचं कसं, तर फोरकास्टच्या तारखा बघा. डेटा 2024 ला संपतो आणि फोरकास्ट 2019 च्या कुठल्यातरी आठवड्यापासून सुरू होतोय असं दिसलं की समजा तुकडा उचलला गेलाय. फिटेड व्हॅल्यूज मोजा, ओळी मोजा, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. याच फंक्शनच्या नव्या व्हर्जनमध्ये एनए ॲक्शन नावाचं आर्ग्युमेंट आहे, तिथे इंटरपोलेशन (आजूबाजूच्या आकड्यांवरून मधली जागा भरणं) किंवा सरळ फेल (एनए दिसलं की थांबणं) निवडता येतं, सुरुवातीला फेलच निवडा, म्हणजे तुम्हाला थांबून विचार करावा लागेल. एक्सेलच्या फोरकास्ट ईटीएसमध्ये उलट, ते डीफॉल्टने गाळलेल्या जागा शेजारच्या आकड्यांवरून भरतं, 30 टक्क्यांपर्यंत, आणि तुम्ही त्या आर्ग्युमेंटमध्ये 0 दिलंत तर तिथे शून्य धरतं. म्हणजे परत पहिल्या खड्ड्यात.

बरं, इंटरपोलेशन केलं की झालं का? भावासाठी चालतं, बंद दिवशी भाव नव्हता, कालच्या-उद्याच्या मधला धरला तर फार बिघडत नाही. आवकेसाठी नाही. बंद दिवसाचा माल नाहीसा होत नाही, तो उघडल्यावर येतो, म्हणजे तुम्ही बंद दिवशी 20,000 भरले आणि नंतर तोच माल वाढीव आवकेत परत मोजला. म्हणून माझं सरळ मत, पहिल्या प्रोजेक्टला रोजच्या आवकेच्या नादी लागूच नका. महिन्याची एकूण आवक घ्या, तिला त्या महिन्यात बाजार जितके दिवस चालू होता त्याने भागा, आणि या आकड्यावर फ्रीक्वेन्सी 12 ने मॉडेल बसवा. दिवाळी 2022 ला 24 ऑक्टोबरला होती आणि 2023 ला 12 नोव्हेंबरला, म्हणजे बंदचे दिवस एका वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले आणि दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, नुसती बेरीज घेतलीत तर मॉडेल त्यालाच सीझन समजेल. चालू दिवसांनी भागलं की हे बरंचसं सरळ होतं आणि मग खरा सीझन वर येतो, लाल कांदा, मग रांगडा, मग उन्हाळ आणि त्यानंतर चाळीतून हळूहळू बाहेर पडणारा माल.

कामावर मला याच्या उलट बाजूचं शिकायला मिळालं. स्पेअर पार्टच्या डेटात शून्य म्हणजे खरंच शून्य, त्या महिन्यात कुणी तो पार्ट मागितला नाही. तिथे शून्य काढून टाकणं चूक, आणि साधं स्मूदिंगही नीट बसत नाही, क्रॉस्टन यांची 1972 ची पद्धत त्यासाठीच आहे, ती मागणी किती आणि किती दिवसांनी हे वेगवेगळं स्मूद करते. दोन्हीकडे तेच 0, अर्थ पूर्ण वेगळा, आणि हे सॉफ्टवेअरला कळायचा काही मार्ग नाही, तुम्हालाच सांगावं लागतं.

छोटे खड्डे पटकन सांगते. एक्सेलच्या डेटा ॲनालिसिसमधलं एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग डॅम्पिंग फॅक्टर विचारतं, तो अल्फा नाही, एक वजा अल्फा आहे, तिथे 0.2 टाकलंत तर अल्फा 0.8 झाला. आणि याचा डॅम्प्ड ट्रेंडशी (हळूहळू सपाट होत जाणाऱ्या ट्रेंडशी) काही संबंध नाही, नाव सारखं एवढंच. आरच्या ईटीएसला 24 पेक्षा मोठी फ्रीक्वेन्सी झेपत नाही, आठवड्याच्या डेटाला 52 दिलंत तर तो सीझनच सोडून देतो, तिथे एसटीएलएफ (सीझन आधी वेगळा काढणारं फंक्शन) वापरा. ईटीएसचा बीटा आणि पुस्तकातल्या होल्टचा बीटा वेगळा, पुस्तकातल्याला अल्फाने गुणलं की ईटीएसचा येतो, त्यामुळे दोन सॉफ्टवेअरचे आकडे जुळत नाहीत म्हणून रात्र जागवू नका. एसपीएसएस वापरत असाल तर डिफाइन डेट्स (तारखा ठरवून देणारा पर्याय) आधी, नाहीतर सीझनल मॉडेल मिळणारच नाही.

गाइडबद्दल बोलू का? बोलतेच. जो गाइड फक्त मेप किती आला विचारतो आणि डेटाची फाइल उघडून बघत नाही, त्याच्याकडून फॉर्म्युले शिका, डेटा शिकायला दुसरीकडे जा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बाजार समितीत हमाली करणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांनी, कुठल्या दिवशी ट्रॅक्टरची रांग लागते आणि कुठल्या दिवशी शुकशुकाट असतो हे त्यांनी तारखेसकट सांगितलं आणि माझ्या ग्राफमधले टोकाचे आकडे एकेक करून ओळीत बसले. आणि ते ऑटो बटण, बरीच मॉडेल बसवून सगळ्यात चांगलं देणारं, ते वाईट नाही, मीही वापरते, पण एकदा तरी 12 ओळींवर स्प्रेडशीटमध्ये हाताने लेव्हल काढा. नाही काढली तर वरचं 14,060 कुठून आलं हे तुम्हाला कधीच दिसणार नाही.

भावावर काम करणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. अल्फा 0.99 आला आणि फोरकास्टची रेघ सपाट आली म्हणून रडू नका, प्रोजेक्ट फेल नाही झाला. मॉडेल एवढंच म्हणतंय की उद्याच्या भावाचा सगळ्यात चांगला अंदाज म्हणजे आजचा भाव, बाजारभावात असं होतंच. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी लागली आणि भाव कोसळले, ते कुठल्याही अल्फाला आधी कळणार नव्हतं, बंदी मे 2024 मध्ये उठली तेही नाही. तो काळ डेटातून कापू नका, रिपोर्टमध्ये तारखेसकट लिहा, आणि तुमचं मॉडेल नाइव्ह (शेवटचा आकडाच पुढे धरणं) आणि सीझनल नाइव्हच्या (मागच्या सीझनचा तोच आकडा धरणं) शेजारी ठेवून, डेटाचा शेवट पुढे पुढे सरकवत तपासा. नाइव्हपेक्षा चांगलं नाही आलं तर तसं लिहा, परीक्षक त्याचे मार्क कापत नाहीत, लपवलेलं सापडलं तर कापतात.

आणि कुणी म्हटलं की आता डीप लर्निंगच्या जमान्यात हे जुनं झालं, तर त्याला 2018 ची एम-4 ही फोरकास्टिंगची स्पर्धा सांगा, एक लाख सिरीज होत्या आणि जिंकलेल्या पद्धतीत न्यूरल नेटवर्कला एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगच जोडलेलं होतं. ज्यांचं सबमिशन या महिन्यात आहे त्यांनी बाकी काही नाही तरी बंद दिवसांची यादी परिशिष्टात जोडा, तारीख, कारण, आणि त्या दिवशी तुम्ही आकडा कसा धरला. ती यादी करायला बाजार समितीत प्रत्यक्ष जावं लागलं तर जा, लासलगावला एसटी जाते.