नाथसागरातला सराव आणि समुद्रातली तपासणी: आरओव्ही चालवणाऱ्यांसाठी

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर पश्चिमेला असलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्रात पाणी साधारण 75 मीटर खोल आहे. तेथील प्लॅटफॉर्मचे पाय, वेल्डचे जोड आणि समुद्रतळावरील पाइपलाइन तपासण्यासाठी केबलने जोडलेले, वरून चालवले जाणारे पाणयान, म्हणजे आरओव्ही, वापरतात. मराठवाड्यातल्या तरुण अभियंत्यांना हे काम शिकण्यासाठी किनाऱ्यावर जाईपर्यंत थांबण्याची गरज नाही, कारण पैठणच्या जायकवाडी धरणाच्या, म्हणजे नाथसागर जलाशयाच्या, गढूळ पाण्यात तपासणीची शिस्त उत्तम अंगवळणी पडते.

जलसंपदा विभागाची आणि जलाशय पक्षी अभयारण्यात असल्यामुळे वन विभागाचीही लेखी परवानगी आधी घ्यावी. सांडव्याचे 27 दरवाजे आणि कालव्यांचे विमोचक (पाणी सोडण्याची द्वारे) यांपैकी कामाच्या जागेजवळचे सर्व बंद राहतील, हे धरणावरील अधिकाऱ्यांकडून त्या दिवशी पुन्हा लेखी घ्यावे. उघड्या विमोचकाची ओढ यानाच्या थ्रस्टरना (यान ढकलणाऱ्या पंख्यांना) आवरत नाही आणि त्याच ओढीत माणूसही सापडू शकतो, म्हणून याबाबत तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

यान पाण्यात सोडण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक्सच्या नळकांड्यातील हवा हातपंपाने काही प्रमाणात काढून दाब स्थिर राहतो का ते पाहावे. काटा सरकत असेल तर ओ-रिंग (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) काढून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवावी. त्यानंतर तरंगण्याचा तोल साधावा. येथे खरी मेख आहे: गोड्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे 1000 किलो, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे 1025 किलो असते. त्यामुळे 10 लिटर पाणी बाजूला सारणारे यान पैठणला अचूक तोलले, तरी समुद्रात त्याला सुमारे 250 ग्रॅम जादा वजन लावावे लागते. खोलीमापकात भरलेला पाण्याच्या घनतेचा आकडाही बदलावा लागतो आणि सोनारमधील (ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या यंत्रातील) ध्वनीचा वेगही, कारण 20 अंश सेल्सिअसला तो गोड्या पाण्यात सेकंदाला सुमारे 1482 मीटर, तर समुद्रात सुमारे 1520 मीटर असतो. हे आकडे न बदलता मोजलेले अंतर विश्वासाचे नसते.

पाण्यात उतरल्यावर केबल सांभाळणाऱ्याला चालकाइतकेच महत्त्व द्यावे. ज्या बाजूने खांबाला वळसा घातला त्याच बाजूने परत यावे, आणि तळाशी थ्रस्टर जोरात फिरवू नयेत; एकदा उठलेला गाळ बराच वेळ बसत नाही. दिसेनासे झाले तर यान स्थिर ठेवून सोनारवर भिंत शोधावी, अंदाजाने पुढे जाऊ नये.

समुद्रात या तपासणीला विद्युत विभवाच्या (व्होल्टेजच्या) मोजणीची जोड मिळते. पोलादाला गंजापासून वाचवणारे ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे ॲनोड (पोलादाऐवजी स्वतः झिजणारे ठोकळे) काम करतात का, हे पाहण्यासाठी शिंपले-शेवाळ खरवडून प्रोबचे (विभव मोजणाऱ्या सळईचे) टोक उघड्या धातूला टेकवतात. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे 0.80 व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण आकडा आला, तर संरक्षण पुरेसे मानतात. आकडा डोलत असेल तर टोक रंगावर किंवा शेवाळावर टेकले असण्याची शक्यता असते. तेव्हा जागा पुन्हा खरवडावी. समुद्रासाठी बनवलेल्या प्रोबचे हे निकष धरणाच्या पाण्यात लावू नयेत.

चित्रणावर वेळ, खोली, दिशा आणि भागाचा क्रमांक दिसलाच पाहिजे. अहवालात, गाळामुळे न दिसलेला भाग ‘दोष नाही’ या रकान्यात कधीही टाकू नये. तो ‘पाहता आला नाही’ असा स्वतंत्र नोंदवून कारण आणि पुन्हा तपासण्याची शिफारस लिहावी.