वाचन, प्रवचन आणि कॉयर : रविवारच्या मिस्सात या चुका टाळा

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका कॅथलिक चर्चमध्ये मी बरीच वर्षं कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा गट, सांभाळतो आहे. आमची सगळ्यात मोठी चूक सुराची नव्हतीच. शनिवारी संध्याकाळी सरावाला बसायचं, "उद्या काय घेऊया?" म्हणायचं आणि सगळ्यांना पाठ असलेली चार गाणी ठरवायची, अशी आमची रीत होती. उद्याची बायबलमधली ठरलेली वाचनं कोणती, हे कुणी उघडून पाहत नसे. फादर तिकडे त्याच वाचनांवर आठवडाभर विचार करून प्रवचन तयार करायचे. लोकांना मात्र एकाच मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, दोन वेगळ्या गोष्टी ऐकायला मिळायच्या.

रविवारची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्राने येतात. उदाहरण म्हणून ब वर्षातला, सामान्य काळाचा (मोठ्या सणांच्या काळाबाहेरचा) १२ वा रविवार घेऊ. तो जूनमध्ये येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात आणि चर्चच्या बाकांवर रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि ट्रॉलरवर जाणारी माणसं बसलेली असतात. त्या दिवशी पहिलं वाचन ईयोबाच्या ३८ व्या अध्यायातलं, समुद्राला दारं लावून हद्द आखून देणाऱ्या देवाचं. मग स्तोत्र १०७, आणि शुभवर्तमान मार्क ४:३५-४१. वादळ, बुडायला आलेली होडी आणि झोपलेला येशू.

इथे प्रवचनात नेहमी होणारी चूक म्हणजे घाई. "वादळ म्हणजे संकटं, होडी म्हणजे संसार, येशू आहे ना, घाबरू नका" एवढ्यावर दोन मिनिटांत सगळं उरकतं. पण मार्क असं सांगत नाही. येशू कुठे झोपलाय आणि डोक्याखाली काय आहे, हेसुद्धा तो सांगतो. मराठी बायबलात तिथे 'वराम' हा शब्द आहे, म्हणजे होडीची मागची बाजू. आमच्या खलाशांना तो समजावून सांगावा लागत नाही. तो नुसता सावकाश, स्पष्ट वाचला की पुरे. आणि उशीचा उल्लेख तर चारही शुभवर्तमानांत एकटा मार्क करतो.

मग शिष्य विचारतात, आम्ही बुडतोय, तुम्हाला काळजी नाही का? हा प्रश्न आमच्या लोकांनी विचारलेला आहे. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं आणि बरोबर पाच आठवड्यांनी, २० जूनला, हेच शुभवर्तमान आलं. कोरोनामुळे चर्चची दारं बंद होती, लोकांनी ते घरीच वाचलं. ज्यांचं त्या वादळात नुकसान झालं, त्यांच्यासमोर या प्रश्नावरून उडी मारून पुढे जाणं मला पटत नाही. प्रवचनकाराने तिथे थांबावं, तो प्रश्न थोडा वेळ तसाच राहू द्यावा.

आणखी एक गोष्ट सुटते. मार्कच्या मूळ ग्रीक मजकुरात एकच 'मोठं' तीनदा येतं. वादळ मोठं, मग शांतता मोठी, आणि शेवटी भीतीही मोठी. शिष्य खरे घाबरतात ते समुद्र शांत झाल्यावर. "हा आहे तरी कोण?" या प्रश्नावर वाचन संपतं. बहुतेक प्रवचनं शांततेपाशीच संपतात.

इथे चूक माझीही झाली आहे. २३ जून २०२४ ला हाच रविवार आला. फादरांनी प्रवचन नेमकं त्या प्रश्नावर सोडलं आणि ते जाऊन बसले. मी सवयीने हार्मोनियमवर हात टाकला आणि हळू आवाजात काहीतरी वाजवत राहिलो. चर्च गप्प झालेलं मला सहन झालं नाही. ती शांतता लोकांच्या विचाराची होती, ती मी बुजवली. आता प्रवचनानंतर मी हात मांडीवर ठेवतो.

प्रतिसाद स्तोत्राच्या जागी भलतंच भक्तिगीत घेणं ही चूक तर सर्रास होते. रोमन मिस्सल, म्हणजे मिस्साचं अधिकृत प्रार्थनापुस्तक, त्याच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये (क्र. ६१) याला स्पष्ट मनाई आहे. स्तोत्र हा पहिल्या वाचनाला दिलेला जबाब आहे. त्या रविवारी १०७ व्या स्तोत्रात खलाशी लाटांबरोबर आभाळाला भिडतात, खाली जातात, धावा करतात आणि शेवटी हव्या त्या बंदराला लागतात. तेच काढून टाकलं, तर पुढचं शुभवर्तमान एकटं पडतं. चाल बसवायला वेळ नसेल तर ध्रुवपद तेवढं गा, कडवी वाचा.

चालीवरून एक सांगतो. "त्याची दया सनातन आहे" ही ओळ आम्ही एका उसन्या चालीवर बसवली होती. श्वास पडायचा 'सना'वर आणि ठोका बसायचा 'तन'वर. महिनाभर आम्ही तसंच गायलो. उपाय सोपा आहे. ओळ आधी वाचनासारखी मोठ्याने म्हणा, कुठे थांबता ते पाहा, मगच चाल लावा. मराठीला ओवी-अभंगाचं वळण आहे, आणि ते आपल्याकडे जुनंच आहे. इंग्लंडहून आलेले जेजुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली शेजारच्या गोव्यात, राशोलला छापलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळक तर आपल्या कोकणातल्या करजगावचेच, आणि त्यांनी भजनं लिहिली ती याच वळणाने.

लोक गात नसतील तर त्यांना बोल लावू नका, गाण्याची पट्टी उतरवा. ध्रुवपद वरच्या षड्जाच्या पुढे गेलं की मागची बाकं गप्प होतात. पावसाळ्यात दमटपणामुळे हार्मोनियमच्या पट्ट्याही अडकतात, सूर हलतो. जूनआधी पेटी दुरुस्तीला द्या.

आमचा सराव आता बुधवारी होतो. आधी शुभवर्तमान एकदा मोठ्याने वाचतो, फादर कोणत्या ओळीवर बोलणार ते विचारतो, मग गाणी ठरवतो. हेच वाचन पुन्हा येईल २० जून २०२७ ला. स्तोत्र १०७ ची नवी चाल आम्ही आत्तापासूनच बसवतो आहोत, काळी एकच्या पट्टीत.