पावसाळी समुद्रात इंजिन रूममधल्या या चुका टाळा

गोव्यातल्या वास्को, मुरगाव, सासष्टी भागातून दर वर्षी कितीतरी मुलं जहाजावर जातात. त्यातल्या नव्या ज्युनिअर इंजिनिअरांसाठी हे लिहितोय. माझी सगळी नोकरी इंजिन रूममध्ये गेली. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे: खवळलेल्या समुद्रात मशीन बंद पडते, तेव्हा त्याची सुरुवात बहुधा शांत पाण्यातच झालेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फ्युएल टँक ड्रेन करण्याची, म्हणजे तळाचं पाणी आणि गाळ सोडून देण्याची टाळाटाळ. सेटलिंग टँक (जिथे इंधनातला गाळ खाली बसू देतात) आणि सर्व्हिस टँक (जिथून इंजिनाला इंधन जातं) यांच्या तळाशी पाणी आणि गाळ साचतो. बंदरात तो तळाशी पडून असतो, त्यामुळे फिल्टर साफ, प्रेशर ठीक, सगळं आलबेल. जहाज लोळू लागलं की तोच गाळ ढवळून फिल्टरवर येतो. जून महिन्यातल्या एका रात्री अरबी समुद्रात आमच्या जनरेटरचा फिल्टर उघडला, तर जाळीवर डांबरासारखा काळा, चिकट थर. फिटर एका हाताने रेलिंग घट्ट धरून दुसऱ्या हाताने ब्रश घासत होता, आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूच्या फिल्टरचंही डिफरन्शियल प्रेशर (फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, म्हणजे तो तुंबत असल्याची खूण) चढू लागलं. म्हणून हवामानाचा इशारा आला की प्रत्येक वॉचमध्ये (कामाच्या पाळीत) टँक ड्रेन करा. स्टँडबाय फिल्टर साफ करून भरून ठेवा. घाईत त्यातली हवा न काढता चेंजओव्हर केला, म्हणजे त्या फिल्टरवर गेलात, तर हवा इंजिनात जाते आणि नुसत्या गाळाने बंद पडलं नसतं ते इंजिन त्या हवेने बंद पडतं.

दुसरी चूक सी-सक्शनची, म्हणजे इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेण्याच्या तोंडाची. हाय सक्शन वरच्या बाजूला असतं, लो सक्शन तळाजवळ. मुरगावच्या अँकरेजवर (जहाजं नांगर टाकतात तिथे) पाणी फार खोल नाही, आणि पावसात जुवारी नदी लालसर गढूळ होऊन वाहते. तिथे तळाचा चिखल खेचला जाऊ नये म्हणून हाय सक्शन वापरायचं हे बरोबरच. पण खोल पाण्यात गेल्यावर लो सक्शनवर यायचं राहून जातं. मग जहाज एका बाजूला कललं की पंप हवा ओढतो, प्रेशर नाचू लागतं, तापमान चढतं, आणि मुलं कूलर उघडायला धावतात. आधी सक्शन बदला, पंपातली हवा सोडा, मग स्ट्रेनर (पाण्यातला कचरा अडवणारी जाळी) बघा.

लुब ऑइलच्या (वंगण तेलाच्या) बाबतीत २३ मार्च २०१९ विसरू नका. त्या दिवशी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ 'वायकिंग स्काय' हे १,३७३ माणसांचं जहाज वादळात अंधारात गेलं. सम्प टँकमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, तेल कमी होतं. हेलकाव्यांत पंपाला तेल मिळेना आणि चालू असलेले जनरेटर बंद पडले. जहाज खडकांवर जाता जाता वाचलं. 'लेव्हल मिनिममच्या वर आहे ना, चालेल' हा विचार वादळात चालत नाही. मेकरने (इंजिन बनवणाऱ्या कंपनीने) सांगितलेली लेव्हल निघण्याआधीच पूर्ण करा. जहाज लोळत असताना घेतलेल्या एका साउंडिंगवर (टाकीतल्या तेलाच्या मापावर) भिस्त ठेवू नका, तीन-चारदा घ्या.

आपल्या किनाऱ्यावर भरकटलेल्या जहाजाचं काय होतं, ते कांदोळीकरांनी बघितलंय. जून २००० मध्ये रुतलेलं 'रिव्हर प्रिन्सेस' वर्षानुवर्षं तिथेच होतं.

प्रोपेलर पाण्याबाहेर येऊन आरपीएम उसळत असेल, तर गव्हर्नरशी (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राशी) खेळू नका, ओव्हरस्पीड ट्रिपला (वेग फार वाढला तर इंजिन बंद करणाऱ्या यंत्रणेला) तर हातही लावू नका. ब्रिजला (जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत) फोन करून वेग कमी करून घ्या. ज्युनिअर असलात तरी आधी चीफना उठवा. उगाच उठवलं म्हणून कोणी रागावलं तर रागावू दे.

क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या बंद भागाचा) ऑइल मिस्ट अलार्म, म्हणजे आत तेलाची वाफ साचल्याचा इशारा, वाजला, तर तिथे क्षणभरही रेंगाळू नका. वेग कमी करून ब्रिजच्या परवानगीने इंजिन थांबवा आणि दारांपासून दूर व्हा. वरून 'कधी सुरू होणार?' असे फोन येत राहतील. तरी मेकरने दिलेला वेळ, निदान अर्धा तास, दार उघडू नका. आत एखादी बेअरिंग तापलेली असेल आणि ताजी हवा गेली, तर स्फोट होतो.